शेफिल्डमधील रमजान आणि एका मुलीची फी

आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी सुरी आहे. आजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी ती कधीतरी विलायतेहून आणली होती. पात्यावरची 'शेफिल्ड' ही इंग्रजी अक्षरे आता पुसट झाली आहेत. बकरी ईदच्या आदल्या रात्री सगळ्या सुऱ्यांना धार लावायला बसलो की हिची पाळी शेवटी येते, कारण हिला धारेची फारशी गरज लागत नाही. त्यामुळे आमच्या मुलाला शेफिल्डच्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तेव्हा अम्मी म्हणाल्या, "म्हणजे सुरीच्या गावाला चाललास की रे!"

प्रवेशाचा आनंद झाला, पण फीचा आकडा पाहून घरात शांतता पसरली. परदेशी विद्यार्थ्याची फी पंचवीस हजार पौंडांच्या घरात होती. हापूसची बाग तीन वर्षांच्या कराराने दिली आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढले. व्याजाचे कर्ज काढावे की नाही यावर महिनाभर खल झाला होता. शेवटी काढले, पण मनाला ते आजही टोचते. हे सगळे आधीच सांगतो आहोत, कारण पुढे जे पाहिले ते या फीच्या कागदापासूनच आम्हाला समजत गेले.

२०२४ च्या मार्च महिन्यात, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही दोघे मुलाला भेटायला गेलो. मँचेस्टरला विमानातून उतरून आगगाडी धरली. शेफिल्डपर्यंतचा रस्ता डोंगरांतून जातो. हिरव्या उतारांवर मेंढ्या, आणि शेताशेतांमधून दगडावर दगड रचून केलेले बांध. माती नाही, चुना नाही. हे तर आपले कोकणातले गडगेच! फक्त जांभा नाही, राखाडी दगड आहे. थंडी मात्र अशी की रोज्याची तहान लागतच नव्हती.

शेफिल्ड हे पोलादाचे शहर. आता बऱ्याच भट्ट्या बंद झाल्या आहेत, पण स्टेशनाबाहेर पडताच पोलादाची लांबच लांब चकचकीत भिंत दिसते आणि तिच्यावरून पाणी वाहत असते. शहर टेकड्यांवर वसलेले आहे, त्यामुळे कुठेही जायचे म्हणजे चढ नाही तर उतार. गेल्या शतकाच्या मध्यावर येमेनमधून पुष्कळ माणसे इथल्या भट्ट्यांवर कामाला आली. त्यांच्यामागून पाकिस्तान, बांगलादेश, सोमालिया अशा ठिकाणचे लोक आले. म्हणून या शहरात इफ्तारला बसले की एका सतरंजीवर अर्धी दुनिया बसलेली असते.

मुलाच्या खोलीपासून जवळच एका सभागृहात रोज सामुदायिक इफ्तार असे. सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळायचा. पहिल्या दिवशी आम्ही खिमा समोसे करून नेले. खजूर, शोरबा, भात असे वाढणे चालू होते. ताटे वाटणाऱ्या एका मुलीने आमचे आपापसातले मराठी ऐकले आणि थांबून विचारले, "आप लोग इंडिया से हैं?"

मुलगी काबूलची निघाली. हिंदी चित्रपट पाहून ती बोलायला शिकली होती. आम्ही महाराष्ट्राचे आहोत म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "पुणे!" ती म्हणाली. तिचा चुलत भाऊ पुण्यात शिकून गेला होता. पुण्यात अफगाण विद्यार्थ्यांची ये-जा कित्येक वर्षांची आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. भावाने तिला वडापाव शब्द शिकवला होता, तो तिने बरोबर म्हणून दाखवला. त्या दिवसापासून आमच्यापैकी एक तिची 'खाला जान' झाली आणि दुसरा 'अंकल'. तिचे नाव आम्ही इथे देत नाही. तिची मागे राहिलेली माणसे अजून तिथेच आहेत.

ती काबूलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होती. २० डिसेंबर २०२२ रोजी तालिबान सरकारने मुलींना विद्यापीठांत बंदी केली. दुसऱ्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि परत आली. बंदी धर्माच्या नावाने होती. त्याच आठवड्यात कैरोच्या अल-अझहरच्या प्रमुख इमामांनी हा निर्णय शरियतशी विसंगत असल्याचे जाहीर केले; पण काबूलमधले दार काही उघडले नाही. पुढे ती आई आणि धाकट्या भावाबरोबर निघाली. वाटेत काय काय झाले हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. इंग्लंडला पोचून तिला सात महिने झाले होते. सरकारने तिघांना एका हॉटेलात ठेवले होते.

"आता इथे कॉलेजला जाशील ना?" आम्ही सहज विचारले. वाटले, इथे मुलींना कोण अडवणार?

ती हसली. तिच्याकडे एका विद्यापीठाचे पत्र होते. सप्टेंबरपासून जीववैद्यक शास्त्राच्या पदवीसाठी जागा देऊ केली होती. खाली फीचा तक्ता होता. त्यात दोन रकाने: एक इथल्या विद्यार्थ्यांचा, एक परदेशी विद्यार्थ्यांचा. तिच्या नावापुढे दुसऱ्या रकान्यातली रक्कम होती.

आमच्या मुलाने फोनवरचे ते पत्र पाहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "अब्बा, ही माझ्याच रकान्यात आहे."

आमच्या मुलामागे आंब्याची बाग होती, बँक होती, आणि काही बिनसले तर परतीचे तिकीट काढून घरी येता आले असते. या मुलीला परतीचा रस्ताच नव्हता. तरी कागदाच्या लेखी दोघेही 'परदेशी'.

हे असे का, ते मुलाने आणि तिथल्या एका स्वयंसेविकेने आम्हाला समजावून दिले. आपण सरसकट 'निर्वासित' म्हणतो, पण तिथल्या कायद्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्याने आश्रय मागितला आहे आणि ज्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे तो आश्रयार्थी. ज्याचा अर्ज मंजूर झाला तो निर्वासित. निर्वासिताला इंग्लंडमध्ये इथल्याच विद्यार्थ्याची फी लागते. आम्ही गेलो त्या वर्षी पदवीसाठी तिची कमाल मर्यादा वर्षाला ९,२५० पौंड होती. त्याला सरकारी विद्यार्थी कर्जही मिळते. आश्रयार्थ्याला यातले काहीच नाही. त्याला शिकण्याची मनाई नसते, विद्यापीठ त्याला जागाही देऊ शकते; पण फी परदेशी विद्यार्थ्याची, बहुतेक ठिकाणी दुपटीहून अधिक, आणि कर्ज शून्य. कमवून भरावी म्हटले तर नोकरीची परवानगी नाही. वर्षभरात अर्जाचा निकाल लागला नाही तरच ती मागता येते, तीही ठरावीक यादीतल्या कामांसाठी. राहायचे गावही आपल्याला निवडता येत नाही. सरकार पाठवील तिथे जायचे.

मग खर्चाचे काय? ज्यांना स्वयंपाक करता येईल असे घर मिळते त्यांना तेव्हा माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत. जिथे जेवण मिळते अशा हॉटेलात ठेवलेल्यांना ८.८६ पौंड. ही मुलगी दुसऱ्या गटात होती. ८.८६ पौंड म्हणजे आपले साधारण सव्वानऊशे रुपये. त्या वेळी इंग्लंडमध्ये बसचे एका वेळचे तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड होते. जाऊन-येऊन चार. आठवड्यातून तीन दिवस वर्गाला जायचे तर बारा पौंड. म्हणजे पुढे फी पूर्ण माफ झाली तरी ती तिसऱ्या दिवशी वर्गात पोचणार नव्हती.

त्या दिवसांत ती एका कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला जात होती. आश्रय मागून सहा महिने झाले आणि निकाल लागला नाही की असे वर्ग सरकारी खर्चाने करता येतात. कॉलेज हॉटेलपासून पाऊण तास चालीवर. ती चालत जायची, पाऊस असला तरी. तिच्या तोंडी प्रत्येक रकमेचा हिशेब बसच्या तिकिटांत असे. विद्यापीठाला हवी असलेली इंग्रजीची परीक्षा दोनशे पौंडांच्या आसपास होती. "शंभर बस," ती म्हणाली. आम्हाला ते ऐकून हसावे की काय करावे कळेना.

शेफिल्ड विद्यापीठाची जुनी लाल विटांची इमारत पाहण्यासारखी आहे म्हणून मुलगा आम्हाला एका दुपारी घेऊन गेला. तीही आली. शेजारी मोठी बाग आहे, झाडांना नुकते कोंब फुटत होते. या विद्यापीठाची गोष्ट आम्हाला फार आवडली. ते उभे करायला पोलाद कामगारांनी, खाणकामगारांनी, गिरण्यांतल्या माणसांनी एकेक पेनीची वर्गणी दिली. १९०४ पर्यंत अशा देणग्यांतून ५० हजारांहून अधिक पौंड जमले आणि १९०५ साली ही इमारत सुरू झाली. आपल्याकडेही कितीतरी शाळा जमातीच्या वर्गणीवर, बायकांनी काढून दिलेल्या बांगड्यांवर उभ्या राहिल्या आहेत. अशा पैशाचे वजन वेगळे असते.

तिथे उभे असताना मुलाने तिला विचारले, "क्रेब्स सायकल आठवते का?" तिने तोंडपाठ सुरू केले. आम्हालाही नाव ओळखीचे वाटले, कारण आमच्या लेकीने अकरावीच्या जीवशास्त्रात हेच चक्र मोठमोठ्याने घोकून सगळ्यांची झोप उडवली होती. शरीरातल्या पेशी अन्नातून शक्ती कशी काढतात त्याचे ते चक्र. ते शोधून काढणारे हान्स क्रेब्स याच विद्यापीठात होते, आणि ते स्वतः परागंदा होऊन आलेले होते. जर्मनीत ते डॉक्टर आणि संशोधक होते. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून त्यांना नोकरीवरून काढले. केंब्रिजमध्ये आसरा मिळाला, १९३५ मध्ये ते शेफिल्डला आले, १९३७ मध्ये त्यांनी हे चक्र मांडले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

त्याच १९३३ साली ब्रिटनमधल्या प्राध्यापकांनी अशा परागंदा विद्वानांसाठी एक मंडळ काढले. पुढाकार विल्यम बेव्हरिज यांचा होता आणि अध्यक्ष होते विख्यात शास्त्रज्ञ रदरफर्ड. काही प्राध्यापकांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी दिली. ते मंडळ 'कारा' या नावाने आजही संकटात सापडलेल्या अभ्यासकांना मदत करते. क्रेब्स यांच्या मुलांनी २०१५ साली वडिलांचे नोबेल पदक लिलावात काढले. त्याचे २ लाख ७५ हजार पौंड आले आणि त्यातून निर्वासित विज्ञान अभ्यासकांसाठी न्यास उभा राहिला.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काबूलमध्ये आम्हाला चक्र शिकवले, माणूस नाही शिकवला."

याच शेफिल्डमध्ये २००५ साली 'सिटी ऑफ सँक्चुअरी', म्हणजे आश्रयाचे शहर, ही चळवळ सुरू झाली. सुरू करणाऱ्यांत इंदरजीत भोगल हे एक. केनियात शीख घरात जन्मलेले आणि पुढे ख्रिस्ती पाद्री झालेले. २००७ मध्ये शेफिल्ड ब्रिटनमधले असे पहिले शहर ठरले. त्याच धर्तीवर आता अनेक विद्यापीठे आश्रयार्थ्यांसाठी 'सँक्चुअरी' शिष्यवृत्त्या देतात. चांगल्या शिष्यवृत्तीत फी माफ होतेच, शिवाय पुस्तके, प्रवास आणि राहणीसाठीही रक्कम मिळते. जिथे फक्त फी माफ होते तिथे जागा मिळूनही मुले गळतात. त्या स्वयंसेविकेने सांगितलेली ही गोष्ट आम्ही विसरलो नाही. अडचण एवढीच की अशा जागा बहुतेक विद्यापीठांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि अर्ज कितीतरी अधिक.

"निकाल लवकर लागला तर निर्वासित म्हणून कर्ज मिळेल, मग झालेच की," आम्ही म्हणालो. त्यावर ती गप्प झाली आणि तिची आई फारसीत काही बोलली. मुलीने सांगितले, "अम्मी म्हणतात, ते व्याजाचे आहे." आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या घरात महिनाभर चाललेला वाद इथेही होता! ब्रिटनमध्ये बिनव्याजी, शरियतला धरून चालणारे विद्यार्थी अर्थसाहाय्य देण्याचा विचार सरकारने २०१४ मध्येच मान्य केला, २०१७ च्या कायद्यात तशी तरतूदही झाली. पण आम्ही गेलो तोवर ते सुरू झाले नव्हते. कित्येक मुस्लिम मुले याच कारणाने उच्च शिक्षण सोडतात किंवा मन मारून कर्ज घेतात. आम्ही काय सल्ला देणार? आमचेही हात तिथेच अडकलेले. निकालाची दुसरीही एक बाजू होती. अर्ज मंजूर झाला की २८ दिवसांत सरकारी निवारा सोडावा लागे. म्हणजे आनंदाची बातमी आली की त्याच दिवशी घर शोधायला निघायचे.

जगभराचा विचार केला तर चित्र आणखी बिकट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या त्या वर्षीच्या आकड्यांनुसार उच्च शिक्षणात पोचलेले निर्वासित तरुण अवघे ७ टक्के होते, आणि एकूण जगातले प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे आहे. २०३० पर्यंत हा आकडा १५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. जर्मनीच्या मदतीने १९९२ पासून चालणारी एक शिष्यवृत्ती निर्वासितांना त्यांनी आसरा घेतलेल्या देशातच पदवीपर्यंत शिकवते. तिला आइन्स्टाइन यांचे नाव आहे; तेही देश सोडावे लागलेलेच. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातसुद्धा परदेशी प्रमाणपत्रांना मान्यता, फीमध्ये सूट आणि शिष्यवृत्ती यांचा उल्लेख आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे अफगाण मुले आली ती बहुतेक विद्यार्थी म्हणून, व्हिसा आणि शिष्यवृत्ती घेऊन.

तरावीहनंतर एका वृद्ध येमेनी गृहस्थांशी आम्ही यावर बोललो. त्यांचे वडील इथल्या भट्टीवर राबले होते. ते म्हणाले, हिजरत करून आलेल्यांना मदिनेच्या अन्सारांनी घरात अर्धा वाटा दिला. अर्ध्या दारापर्यंत आणून सोडले नाही. सभागृहाच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता. आम्हाला वाटले मशिदीसाठी असेल. तो शिकायला जाणाऱ्या आश्रयार्थ्यांच्या बस पाससाठी होता. रोज इफ्तारनंतर लोक त्यात सुटी नाणी टाकत. त्या मुलीचे नाव यादीत होते, एप्रिलपासून पास मिळणार होता.

१० एप्रिलला ईद झाली. मुलाच्या छोट्याशा खोलीत आम्ही शिरखुर्मा केला. शेवया रत्नागिरीहून नेल्या होत्या. मायलेक आणि धाकटा भाऊ आले. आम्ही मुलीला वीस पौंड ईदी दिली. ती घेत नव्हती. मग घेतली आणि हसून म्हणाली, "दहा बस." निघताना तिच्या आईने आमच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावले. भाषा कळत नव्हती, दुआ कळली.

आम्ही परतलो. जूनमध्ये तिचा निरोप आला की ज्या विद्यापीठाचे पत्र तिने दाखवले होते, तिथल्या शिष्यवृत्तीच्या जागा भरल्या. तिला नकार मिळाला. आम्ही काही दिवस तिला काय लिहावे याचाच विचार करत होतो. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका विद्यापीठाकडून होकार आला. फी माफ, आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम वेगळी. तिने लिहिले होते, "खाला जान, बस का भी!" डॉक्टर होण्याचे राहिले. काबूलमधली वर्षे कुठल्याच हिशेबात धरली गेली नाहीत. तिने पहिल्यापासून सुरुवात केली आहे. आश्रयाचा निकाल तेव्हाही लागलेला नव्हता. पण सप्टेंबरात ती वर्गात बसली, अल्हम्दुलिल्लाह.

आमच्या गावची जमात दर वर्षी झकातीच्या आणि देणगीच्या पैशातून गरजू मुलांची फी भरते. समितीत आम्हीही आहोत. इतकी वर्षे अर्जात आम्ही फक्त कॉलेजच्या फीची पावती मागत होतो. पावती आली की चेक, आणि काम झाले. दापोलीला, चिपळूणला शिकायला जाणाऱ्या आमच्या किती मुली फी भरलेली असताना मधूनच घरी बसल्या, आणि आम्ही म्हणालो, "शिकायची आवडच नसेल." यंदा समितीच्या बैठकीत आम्ही त्या मुलीची गोष्ट सांगितली. थोडी चर्चा झाली, पैसे कुठून आणायचे हा प्रश्न निघाला, तो अजून पूर्ण सुटलेला नाही. तरी नव्या अर्जात एक रकाना वाढला आहे: 'जाण्या-येण्याचा रोजचा खर्च'. पहिल्याच आठवड्यात आलेल्या अकरा अर्जांपैकी नऊ मुलींनी तो भरला आहे.